रंगांच्या कसोटीवर एक फ्लॅटबेड स्कॅनर

छायाचित्रे आणि जलरंगातील चित्रे संगणकावर जतन करण्यासाठी मी सीआयएस पद्धतीचा, म्हणजे कागदाच्या अगदी जवळून सरकणाऱ्या सेन्सर-पट्टीने प्रतिमा टिपणारा, एक फ्लॅटबेड स्कॅनर वापरत आहे. त्याच्या वेगाबद्दल किंवा अक्षरांच्या स्पष्टतेबद्दल तक्रार नाही. हे परीक्षण फक्त रंगांपुरते आहे.

मूळ सेटिंगवर रंग निराश करतात. काळाच्या ओघात पिवळसर झालेले छायाचित्र निळसर उमटते, तर जलरंगातले फिकट आकाश पांढरे फटक होऊन जाते. मात्र हा दोष सेन्सरचा आहे असे लगेच मानू नये. एकच छायाचित्र आधी एकटे आणि नंतर शेजारी गडद रंगाचा कागद ठेवून, दोन्ही स्कॅनसाठी निवडलेल्या भागात घेऊन स्कॅन करावे. दोन्ही वेळी छायाचित्राचे रंग वेगळे आले, तर ड्रायव्हरमधील, म्हणजे संगणकावरून स्कॅनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील, स्वयंचलित रंगदुरुस्ती निवडलेल्या भागातला सर्वांत उजळ भाग पांढरा आणि सर्वांत गडद भाग काळा धरून बाकीचे रंग ताणत आहे, हे स्पष्ट होते. या यंत्रात नेमके तेच घडते. दुरुस्ती बंद केल्यावर प्रतिमा काहीशी मंद दिसते; पण ४८ बिट, म्हणजे प्रत्येक रंगाला १६ बिट, ठेवून टिफ या फाइल स्वरूपात साठवल्यास पुढील कामाला पुरेसा वाव राहतो. कागदपत्राचा प्रकार बदलताच ही दुरुस्ती आपोआप पुन्हा सुरू होते, आणि हा या ड्रायव्हरचा मला सर्वांत खटकणारा दोष आहे.

खरा फरक पडतो तो प्रोफाइलमुळे, म्हणजे स्कॅनर रंग कसे नोंदवतो याचे वर्णन करणाऱ्या फाइलमुळे. आयटी८.७/२ प्रकारचा, म्हणजे ठरावीक रंगांचे चौकोन असलेला प्रमाणित रंगतक्ता स्कॅन करून, त्याच्यासोबत मिळालेल्या संदर्भमूल्यांच्या फाइलशी तुलना करून स्कॅनरचे आयसीसी या प्रमाणित स्वरूपातील प्रोफाइल तयार करता येते. स्कॅनरसोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नाही, परंतु व्ह्यूस्कॅन या स्कॅनिंग सॉफ्टवेअरची प्रोफेशनल आवृत्ती किंवा मोफत मिळणारे अर्गिल सीएमएस हे काम उत्तम करते. प्रोफाइल जोडलेली प्रतिमा इतरांना पाठवण्यापूर्वी एसआरजीबी या सर्वसामान्य वापरातील रंगव्यवस्थेमध्ये रूपांतरित करावी, कारण काही प्रोग्राम प्रोफाइलकडे दुर्लक्ष करतात. या पद्धतीने छायाचित्रांतील त्वचेचे रंग फार समाधानकारक आले.

प्रत्येक स्कॅनमध्ये त्याच जागी रंगीत उभी रेघ येत असेल, तर धूळ शोधावी. सेन्सर जिथून सुरुवात करतो त्या कडेची काच कोरड्या मऊ कापडाने पुसावी. द्रव थेट काचेवर फवारू नये.

जलरंगांबाबत मात्र प्रोफाइलही अपुरे पडते. सीआयएस सेन्सर लाल, हिरवा आणि निळा असे एलईडी आळीपाळीने पेटवून रंग मोजतो. त्यामुळे डोळ्यांना सारखी दिसणारी दोन रंगद्रव्ये त्याला वेगळी दिसू शकतात. शिवाय रंगतक्ता छायाचित्राच्या कागदावर छापलेला असल्याने त्यातून मिळालेली मूल्ये रंगद्रव्यांना तंतोतंत लागू होत नाहीत. हायलायटरसारखे चमकणारे रंग फिकेच उमटतात. या सेन्सरची फोकस-खोली, म्हणजे काचेपासून ज्या अंतरापर्यंत प्रतिमा स्पष्ट राहते ते अंतर, अत्यंत कमी असल्यामुळे कागद थोडा जरी सुरकुतलेला असला, तरी तो भाग गडद आणि अस्पष्ट येतो, आणि त्यावर कोणतेही सेटिंग चालत नाही.

सपाट छायाचित्रांसाठी, रंगतक्ता वापरण्याची तयारी असेल तर, हा स्कॅनर मी निःशंकपणे सुचवेन. ज्यांना सुरकुतलेली चित्रे किंवा बांधीव वह्या स्कॅन करायच्या असतील, त्यांनी सीसीडी सेन्सरचाच, म्हणजे आरसे आणि भिंगातून प्रतिमा टिपणारा व जास्त फोकस-खोलीचा, स्कॅनर पाहावा.