गुडघ्यात इम्प्लांट असेल तर एमआरआय १.५ टेस्लावर की ३ टेस्लावर (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाच्या ताकदीचं माप)?

बऱ्याच जणांना वाटतं की ३ टेस्ला म्हणजे नवीन, पॉवरफुल, म्हणून फोटो जास्त क्लिअर. धातू नसेल तर खरंय ते बहुतेकदा. पण गुडघा बदललेला असेल तर उलटं होतं, कारण धातूमुळे आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि हा बिघाड मशीनच्या ताकदीच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सेटिंग तेच ठेवलं तर ३ वर साधारण दुप्पट, आणि नेमका इम्प्लांटला चिकटलेला भाग, जिथं इन्फेक्शन किंवा सैलपणा बघायचाय, तोच काळा पडतो नाहीतर वेडावाकडा दिसतो. म्हणून माझं मत सरळ १.५ ला.

धातू कुठला हेही बघा, टायटॅनियम बरंच सोसतं, कोबाल्ट-क्रोम आणि स्टील जास्त त्रास देतात. सेंटरवाल्यांना आधीच सांगा, मग ते बँडविड्थ (सिग्नल टिपायची फ्रिक्वेन्सीची रुंदी) वाढवतात, ग्रेडियंट एको ही धातूमुळे जास्त बिघडणारी स्कॅनची पद्धत टाळतात, चरबीचा सिग्नल दाबायला स्टर (STIR) नावाची पद्धत वापरतात. ३ वरही सिमॅकसारख्या (SEMAC) धातूचा बिघाड कमी करणाऱ्या पद्धतींनी चित्र सुधारतं, पण स्कॅनला वेळ जास्त लागतो.

आणि हो, इम्प्लांटचं कार्ड सोबत न्याच! इम्प्लांट ३ वर सुरक्षित म्हणजे १.५ वरही असेलच असं नाही, ते तापण्याचं गणित दोन्हीकडे वेगळं असतं.