दिवाळीला दारात कोणती रांगोळी: ठिपक्यांची की संस्कार भारती?

फ्लॅटच्या दारात दोन-अडीच फूट जागा असेल, तर माझं मत सरळ ठिपक्यांच्या बाजूने आहे. उदबत्तीने भोकं पाडलेला कागद ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, की ठिपके तयार. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून रेघ सोडत जायची. ठिपके हाताला धरून नेतात, म्हणून घरातली आठ-नऊ वर्षांची मुलंही बिचकत नाहीत. वसुबारसेला गाईची पावलं, लक्ष्मीपूजनाला कमळ, पाडव्याला दिवे. रोज नवी नक्षी काढता येते. खाली गेरू असेल तर पांढरी रेघ जी उठते, तिला तोड नाही. मात्र फरशीच्या सांध्यांत गेरू बसतो, तेव्हा तो प्लायच्या तुकड्यावर लावावा.

संस्कार भारतीला अंगण हवं, नाहीतर सोसायटीचा जिना संपतो तिथली मोकळी जागा. आधी चाळणीने किंवा हाताने रंगाचे गोल पसरायचे आणि त्यावर पाच बोटांतून पांढऱ्या जाड रेषा, स्वस्तिक, शंख, सर्परेषा. लांबूनही डोळ्यांत भरते आणि तासाभरात मोठी जागा भरून निघते. पण रंग किलोने लागतो, हाताला सराव लागतो. मुठीतून रांगोळी एकसारखी सुटली नाही, तर सगळी रेषा बिघडते.

भाऊबीजेला माणसं जास्त असतील, तर मोठी रांगोळी खाली सगळ्यांनी मिळून काढावी. बाकीचे दिवस दारात ठिपकेच.