फुटलेल्या कंटेनरमधलं इम्पोर्टेड कॅट फूड घेऊ नका (ऐरोली-घणसोलीवाल्यांनी खास वाचा)

आधीच सांगते, चूक माझीही आहे, ती पुढे येईलच.

आमच्या मांजरीचं, चिंगीचं, जानेवारीत स्पे (पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ते ऑपरेशन) केलं तेव्हा ती ३.८ किलोची होती. डॉक्टरबाईंनी तेव्हाच बजावलेलं की ऑपरेशननंतर भूक वाढते आणि शरीराची खाण्याची गरज मात्र कमी होते, साधारण पाव हिश्शाने, तर वाटीवर लक्ष ठेवा. मी हो हो केलं आणि ऐरोलीला पोचेपर्यंत विसरले. घरी सासूबाई "बिचारीचं पोट फाडलंय, खाऊ दे गं तिला" म्हणत बांगड्याचं डोकं बाजूला काढून ठेवणार, आणि ड्राय फूडची वाटी दिवसभर भरलेली. जूनमध्ये लसीला नेलं तर काटा ५.२. वरून बघितलं तर कंबर नावाची गोष्टच नाही, सोफ्यावर बसली की लोड ठेवल्यासारखी.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. न्हावा शेवाला कंटेनर उतरलाय, खोके फाटले म्हणून कंपनीने माल नाकारला, आतला माल एक नंबर, स्पे-न्यूटर केलेल्या मांजरांचं स्पेशल इम्पोर्टेड फूड, महिन्यात एक किलो वजन कमी. दुकानातल्या जवळजवळ निम्म्या भावात, ६५० रुपये किलो. आता बंदर आपल्या एवढं जवळ, असं काहीबाही सुटून बाहेर येतच असणार असं वाटतंच ना आपल्याला, पुण्याची माझी बहीण ऐकून हसली होती आणि मी तिच्यावर चिडले होते.

माणूस स्कूटीवरून गेटवर आला. गोड बोलणारा, चिंगीचं वय विचारलं, फोटो बघितला, "ताई टेन्शन नका घेऊ, अशी शंभर मांजरं बारीक केलीयेत". पारदर्शक झिप पाऊच, वर घरच्या प्रिंटरवर काढलेलं स्टिकर. आत माशाच्या आकाराचे दाणे, तपकिरी, लाल आणि हिरवे. हिरवे कशाचे म्हणून विचारलं तर म्हणे "पालकाचं फायबर, त्यानेच पोट भरतं". आणि मी, एम कॉम झालेली बाई, मान डोलावली. ३ किलोचे १९५० रुपये यूपीआयने दिले, बिल नंतर पाठवतो म्हणाला, ते आजतागायत येतंय. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून एक कप द्यायचा, एवढंच डाएट. पाऊच संपला की नवा आणून द्यायचा.

सप्टेंबरमध्ये चिंगी ५.९.

फोन केला तर म्हणतो मेटाबॉलिझम अडकलाय, सुरुवातीला असं होतं. मग १२०० रुपयांची थेंबांची बाटली दिली आणि सांगितलं की दोन दिवस कडक उपास, फक्त पाणी आणि थेंब, बॉडी रीसेट होते. आपण चतुर्थी करतो, नवरात्र करतो, उपासाने कुणाचं वाईट झालंय, असंच डोक्यात असतं. दोन दिवस ती ओट्याखाली बसून ओरडत होती आणि मी कान बंद करून होते. तिसऱ्या दिवशी वाटी भरली तर वास घेतला आणि निघून गेली. चौथ्या दिवशी पिवळी उलटी.

डॉक्टरबाईंनी आधी तिचा ओठ वर करून हिरडी बघितली, मग टॉर्च लावून कानाच्या आतली कातडी. मी विचारलं काय बघताय, तर म्हणाल्या कावीळ. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी एकदम लिव्हरमध्ये जाऊन साचते, लिव्हर बसतं, मग ते मांजर जेवण आणखी टाकतं आणि जीवावर बेततं. हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. रक्तात लिव्हरचे आकडे वाढलेले होतेच. नऊ दिवस दर चार तासांनी सिरिंजने भरवलं, रात्रीचे अलार्म लावून, सगळं मिळून ११,००० च्या वर गेले. वाचली.

मग त्यांनी पाऊच मागवला. उलटापालटा केला आणि एकच विचारलं, "याच्या एका किलोत कॅलरी किती?" कुठेच नाही. बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, महिना-वर्ष नाही, एमआरपी नाही. २०११ च्या पाकीटबंद मालाच्या नियमात यातलं बरंचसं छापणं सक्तीचंच आहे. आणि त्याचा तो एक कप घरी काट्यावर टाकला तर ९५ ग्रॅम. आता चिंगीचं योग्य वजन धरलं ४ किलो, त्याला नुसत्या बसून राहण्यापुरत्या २०० कॅलरी लागतात, बारीक करायचं तर १६० च्या आसपास. पाकिटावर कॅलरी छापलेलं फूड आता घेतो, एका किलोत ३६०० कॅलरी, म्हणजे दिवसाचे ४४ ग्रॅम. मी दुपटीहून जास्त घालत होते, वर बांगडा.

आणि माल कुठला होता ते पण कळलं. स्टेशनजवळ भटक्या मांजरांना खायला घालणाऱ्या एक काकू आहेत, त्यांच्या पिशवीत हेच मासे, हेच हिरवे दाणे. २० किलोच्या पोत्यातलं साधं फूड, काकू कित्येक वर्षं घेतायत, भाव ऐकून मला गेटवरच्या वॉचमनसमोर रडू आलं. पोत्यावर रंगांचा कोड छापलेला आहे बरं का. पालक नाही.

त्या माणसाला पोत्याचा फोटो पाठवला, दोन ब्लू टिक आल्या आणि ब्लॉक. १९१५ ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण बिल नाही, पत्ता नाही, तिथेच अडतंय. सायबर फसवणुकीच्या १९३० वरही फोन केला, त्यांनी यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवायला सांगितले. मी चॅट आधीच रागाने डिलीट केलेलं. तुम्ही करू नका.

चिंगी आता ५.३ आहे. आठवड्याला ५०-६० ग्रॅम, त्याहून घाई नको म्हणतात डॉक्टरबाई. सासूबाई स्वतः काट्यावर दाणे मोजतात, एखादा जास्त पडला तर चिमटीने उचलून परत डब्यात. पहाटे साडेपाचला आरडाओरडा असतो तो वेगळा.

परवा खारघरच्या नणंदेने तिच्या ग्रुपवरचा मेसेज पाठवला. नंबर नवीन, मांजराचा फोटो तोच, कंटेनर यावेळी "पावसात भिजलेला" आहे आणि भाव ७०० झालाय.