बिया चांगल्या, सूचनांचा कागद तेवढा फेकून द्या

तीन तारे. त्यातले अडीच बियांचे, अर्धा पॅकिंगचा.

मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात कीटकभक्षी वनस्पती आल्या आणि घरात टुमणं सुरू झालं. म्हणून हे किट मागवलं, ६४९ रुपयांना. आत कोकोपीटच्या पाच चकत्या, पारदर्शक झाकणाचा ट्रे आणि दोन पुड्या: एकीत केप सनड्यू, म्हणजे ड्रॉसेरा कॅपेन्सिस, दुसरीत व्हीनस फ्लायट्रॅप. सनड्यूची पुडी उघडली तर आई म्हणाली, "अरे, ही तर तपकीर!" शिंक आली असती तर सगळं मुसळ केरात.

कागद म्हणतो, बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. साफ चूक. या बियांना रुजायला उजेड लागतो, त्या वरच भुरभुरायच्या. एकोणिसाव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले, मोजून चौदा. भिंग लावलं तर टाचणीच्या डोक्याएवढ्या पानाला लाल केस आणि केसाच्या टोकाला चिकट थेंब. मुलगी शाळेत जायला तयार नव्हती.

पुढच्या दहा दिवसांत थेंब गेले, पानं कडेने काळी पडली, कोकोपीटवर पांढरी पापुद्री धरली. किटवाल्यांना फोन केला. "सर, थोडं लिक्विड खत द्या." कासच्या सड्यावर मी दवबिंदू (आपल्याकडचे सनड्यू) पाहिलेत, ओल्या कातळावरच्या बोटभर मातीत. जिथे जमिनीत कस नाही तिथलीच ही झाडं, म्हणून तर किडे धरतात. त्यांना खत म्हणजे विषच.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणला, अडीचशेचा. घोडबंदर रोडला आमच्याकडे टँकर. पाणी ४६० निघालं. या रोपांना ५० च्या आत हवं. स्वयंपाकघरातल्या आरओचं ९०, कारण चवीसाठी मेकॅनिक न गाळलेलं पाणी मिसळणारा स्क्रू थोडा उघडाच ठेवतो. तो बंद करून घेतला, २० वर आलं. त्याच पाण्यात चकती भिजवून पिळली तर मीटर ७०० च्या पुढे! कोकोपीट नीट धुतलेलं नसलं की त्यात मीठ राहतं. म्हणजे वरून टँकर, खालून खारं. रोपांनी करायचं काय? बिनखताचं पीट मॉस (कुजलेलं शेवाळ) आणि पर्लाइट (हलके पांढरे खडे) निम्मंनिम्म घेतलं (पिशवी वाचून घ्या, बऱ्याच जणांच्या पीटमध्ये खत आधीच मिसळलेलं असतं) आणि ओल्या टूथपिकने एकेक रोप हलवलं. पाच जगली. उरलेलं बी पुन्हा टाकलं.

मग झाकण. कागद म्हणतो, कायम बंद ठेवा. ठेवलं, बुरशी आली. रोज थोडं उघडायला लागलो तर चिलटं शिरली. चिलटं निरुपद्रवी, पण त्यांच्या अळ्या मुळं कुरतडतात. किडे खाणारी रोपं किड्यांच्या पोरांनी खाल्ली, असा प्रकार. एरवी माती सुकवली की अळ्या मरतात, पण सनड्यूला बुडाशी पाणी लागतंच, तो उपाय बाद. पिवळे चिकट कार्ड आणि पाण्यात बीटीआय (अळ्या मारणारे जिवाणू), तीन आठवडे लागले. खिडकीचाही सल्ला ऐकू नका: पश्चिमेच्या उन्हात बंद झाकणाखाली रोपं उकडतात. मी साधी पांढरी एलईडी ट्यूब वीतभर उंचीवर लावली, रोज चौदा तास. फिकट, लांबुळकी झालेली रोपं महिन्याभरात लाल झाली आणि थेंब परत आले.

फ्लायट्रॅपच्या दहातलं एकही बी रुजलं नाही. अमेरिकेतल्या कॅरोलायनाचं झाड ते, तिथे हिवाळा असतो; बियांना थंडी लागतेच असं नाही. पण बी ताजं हवं. तक्रार केल्यावर वाद न घालता दुसरी पुडी आली, ही गोष्ट मात्र मान्य करायला हवी. खबरदारी म्हणून ते बी ओल्या टिश्यूत गुंडाळून पाच आठवडे फ्रीजमध्ये ठेवलं, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. तीन रुजली. पण 'आठ आठवड्यांत माशी पकडा' हे खोक्यावरचं वाक्य धादांत खोटं आहे. बियांपासून झाड पुरतं मोठं व्हायला तीन-चार वर्षं लागतात.

घ्यायचंच तर किट नको, यांचीच सनड्यूची सुटी पुडी १८० ला मिळते, ती घ्या. आणि जूनमध्ये पेरा. गच्चीत बादली ठेवली की झालं. पावसाच्या पाण्याला माझा मीटर ८ दाखवतो.