२२० रुपयांचा चावीचा टायमर आणि घरून काम: आठ महिने वापरल्यानंतर

गणपती उठले त्या आठवड्यात हा हाताने फिरवायचा किचन टायमर घेतला होता, आता मे संपत आला. आठ महिने रोज वापरलाय म्हणून आता लिहिते. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, कारण नव्या वस्तूचा पहिला आठवडा सगळ्यांचाच छान जातो.

मी अमळनेरला राहते. पुण्याच्या एका सीए फर्मचं अकाउंट्सचं काम घरून करते, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावी आलो ते इथंच राहिलो. १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढं विप्रो झाली हे इथं पोरासोरांना माहीत असतं, आणि आज आमच्या एकट्या गल्लीत तीन जण कानाला हेडफोन लावून पुण्या-बंगलोरचं काम करतात. तिघांशीही बोलले आहे, तिघांचं रडगाणं एकच, की दिवस निघून जातो आणि मुख्य काम तसंच राहतं. म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याकडे चौदा पार्ट्यांचं, म्हणजे चौदा व्यापारी ग्राहकांचं, जीएसटी आहे. ११ तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचा तपशील, १४ ला २बी तयार होतं, २० ला ३बी म्हणजे महिन्याच्या कराचं रिटर्न भरायचं. २बी म्हणजे आपल्या पार्टीला माल विकणाऱ्यांनी कुठली बिलं भरली त्याची यादी, ती आपल्या खरेदीशी जुळवायची, जे जुळत नाही त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) अडकतं, म्हणून त्यासाठी पार्टीला फोन लावायचा. म्हणजे खरं काम १४ ते २० या सहा दिवसांत. आणि मी नेमकं ते १९ च्या रात्रीपर्यंत ढकलायची. बसून नव्हते हां, दिवसभर विक्रीच्या एन्ट्र्या मारत होते, फोल्डर लावत होते, मेलला उत्तरं देत होते, मध्येच उठून डबे घासत होते. फक्त ते एक काम सोडून सगळं. मागच्या ऑगस्टमध्ये एका पार्टीचं ३बी माझ्यामुळे चार दिवस उशिरा गेलं. दिवसाला ५० रुपये लेट फी, म्हणजे २०० रुपये आणि वर कराच्या रकमेवर १८ टक्क्यांनी व्याज. लेट फी मी खिशातून भरली. रक्कम मोठी नव्हती पण त्या माणसाने आपल्यावर विश्वासाने काम टाकलंय, आणि त्याला फोन करायची वेळ आली तेव्हा मला रडू आलं होतं.

त्यानंतर टायमर घेतला. पद्धत बहुतेकांना माहीत असेल, फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी, कॉलेजात शिकत असताना, टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून अभ्यास करायला सुरुवात केली, इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात म्हणून पद्धतीचं नाव पोमोडोरो. २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं सुट्टी, असे चार झाले की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. बस एवढंच.

मी आधी मोबाईलमधलं ॲप वापरून पाहिलं होतं, दहा-बारा दिवसांत बंद पडलं. टायमर लावायला मोबाईल हातात घेतला की वर व्हॉट्सॲपचे आकडे दिसतात, आणि आमच्या धंद्यात पार्ट्या बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवरच टाकतात त्यामुळे "कामाचंच आहे" म्हणून उघडायचं आणि मग वीस मिनिटं कुठं गेली ते कळत नाही. चावीच्या टायमरचा खरा फायदा मला हाच वाटतो, की तो दुसरं काहीच करू शकत नाही. मोबाईल आता फ्रीजवर असतो, रिंग चालू, कारण शाळेतून फोन येऊ शकतो. व्हॉट्सॲप लॅपटॉपवर दिवसातून दोनदा, ११ ला आणि ४ ला. पार्ट्यांना तसं सांगून टाकलं, कोणीही तक्रार केली नाही. मला वाटलं होतं करतील.

आता मुद्द्याची गोष्ट. पहिला महिना टायमर जोरात चालला, दिवसाला सात-आठ खेपा होत होत्या (टायमरच्या एका फेरीला मी खेपच म्हणते), वहीत खुणाच खुणा, आणि तरी १९ तारीख आली तेव्हा जुळवणी तशीच. कारण मी टायमर लावूनसुद्धा सोपीच कामं करत होते! टायमर वेळ मोजतो, काम तो निवडत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर एक महिना वाचला असता.

मग जरा वाचायला लागले. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलंय की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न कमी आणि मनाला आत्ता बरं वाटावं म्हणून केलेली सुटका जास्त. म्हणजे कामापासून नाही, त्या कामाने मनात जे येतं त्याच्यापासून आपण पळतो. वाचलं आणि मला एकदम माझी जुळवणी आठवली. मला जुळवणी अवघड जात नाही, बारा वर्षं अकाउंट्सचंच काम करतेय. मला भीती होती ती जुळवणीनंतरच्या फोनची. "शेठ, तुमच्या अमुक व्यापाऱ्याने बिल भरलंच नाहीये, तुमचं क्रेडिट अडकलं" हे सांगितलं की समोरचा माझ्यावरच आवाज चढवतो, आणि ते ऐकायला नको म्हणून मी फाईलच उघडत नव्हते. वर्षानुवर्षं स्वतःला आळशी म्हणत होते. माहेरी चोपड्याला पहाटे पाचला उठून केळीच्या बागेत पाणी द्यायला नानांसोबत जाणारी मी, आळशी कशी असेन.

हे कळल्यावर वापरायची तऱ्हा बदलली. रात्री झोपायच्या आधी वहीत दुसऱ्या दिवसाची पहिली खेप लिहून ठेवते, आणि "२बी जुळवणी" असं मोघम लिहीत नाही. "किराणावाल्या पार्टीची न जुळलेली पहिली आठ बिलं, लाल खूण" असं. आणि ही पहिली खेप २५ मिनिटांची नाही, दहाच मिनिटांची. दहा मिनिटांनी बंद करायची पूर्ण मुभा. बहुतेक दिवशी बंद होत नाही, पण मुभा खरी असावी लागते, मनाला फसवायला गेलं तर दोन दिवसांत कळतं. शिवाय वेळ ठरवण्याऐवजी खूण ठरवली: सकाळच्या चहाचा कप विसळून ठेवला की फाईल उघडायची. "साडेनऊला बसेन" म्हणायचे तेव्हा दहा वाजायचे, कप मात्र रोज विसळला जातोच.

वही म्हणजे साधा रोजमेळ आहे, दुकानात असतो तसाच. जमा बाजूला झालेल्या खेपा, नावे बाजूला कशामुळे मोडल्या ते. नावे बाजू प्रामाणिकपणे लिहिली त्यातूनच कळलं की सगळ्यात जास्त खेपा मोबाईलने नाही मोडत, पाच मिनिटांच्या सुट्टीने मोडतात. सुट्टीत म्हटलं कुकर लावून घेऊ, मग कोथिंबीर निवडू, मग ओटा पुसू, आणि पाचाची पंचवीस. घरून काम करणाऱ्या बायांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. आता छोट्या सुट्टीत स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही, पाणी पिते आणि अंगणात लिंबाखाली उभी राहते. भाकरी-भाजी फक्त मोठ्या सुट्टीत.

सासूबाईंचं वेगळं लिहायला हवं. घरात दिसते म्हणजे मोकळी आहे असं त्यांना वाटायचं, आणि त्यात त्यांची चूक काहीच नाही, त्यांनी आयुष्यभर शेतात जाणारं काम पाहिलंय, खुर्चीत बसून होणारं नाही. दर दहा मिनिटांनी दारातून "काय करी राहिनी व?" यायचं. मी चिडायचे, मग मलाच वाईट वाटायचं. टिकटिक ऐकू येते हा या टायमरचा इथं मोठा उपयोग झाला. आईंना म्हटलं, हा वाजतोय तोवर मी शेतात गेले समजा, घंटी झाली की मी घरी. आता कोणी बाई भेटायला आली आणि मी उठायला लागले तर त्याच म्हणतात, "बठ, तुनं काम व्हवू दे." हे कुठल्या ॲपने झालं नसतं.

२५ मिनिटांचा आकडा देवाने दिलेला नाही. एन्ट्रीला २५ बरोबर बसतात. जुळवणीला नाही, त्यात तंद्री लागायलाच पंधरा मिनिटं जातात आणि दहा मिनिटांत घंटी, मग परत पहिल्यापासून. जुळवणीसाठी ४५ आणि १० करते आता.

उन्हाळ्यात मात्र काहीच चालत नाही, स्पष्ट सांगते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४३-४४ च्या घरात, दुपारी एक ते पाच कुलर समोर असला तरी डोकं चालत नाही, त्यात लाईट गेली की इन्व्हर्टरवर पंखा तेवढा फिरतो. पहिले पंधरा दिवस दुपारी टायमर लावून लावून स्वतःवर वैतागले. मग सगळं पहाटे नेलं, साडेपाच ते साडेआठ चार खेपा, संध्याकाळी सहानंतर दोन-तीन. पुण्याच्या मॅडमना सांगितलं, त्यांनी मान्य केलं. नळ येतात त्या दिवशी सकाळचीही एक खेप जाते, ती मी आता आधीच कमी धरते. आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा माहेरी आल्या, अंगणात झोका बांधला, त्या चार दिवसांत टायमर कपाटात ठेवला होता. सणाला पोरी घरी आल्यावर मी आत टिकटिक लावून बसणं मला पटलं नाही, आणि ११ तारखेचं काम हातात वेळ ठेवूनच लावलं होतं.

वस्तूबद्दल. पहिला प्लॅस्टिकचा, २२० रुपये, जानेवारीत टेबलावरून पडला आणि स्प्रिंग गेली. दुसरा स्टीलचा घेतला, ३९०, मागे लोहचुंबक आहे, कपाटाला चिकटतो. दोन्हींना दहा मिनिटं लावायची असली तरी आधी चकती पुढपर्यंत फिरवून मग मागं आणावी लागते, नाहीतर घंटी नीट वाजत नाही, हे न कळल्याने मी पहिला जवळजवळ परत करणार होते. मिनिट-दीड मिनिट इकडंतिकडं होतं, आपल्या कामाला त्याने फरक पडत नाही. मीटिंग असेल तेव्हा बाहेरच्या खोलीत ठेवा, माईकमध्ये टिकटिक जाते. रात्री घरचे झोपल्यावर काम करणाऱ्यांनी तर घेऊच नका, वाळूचं घड्याळ बघा.

फरक काय पडला? ऑक्टोबरनंतर एकही रिटर्न उशिरा गेलं नाही. या महिन्याची ३बी १८ तारखेला संपली. दिवसाला सहा खऱ्या खेपा होतात, आठ करून पाहिल्या पण रात्री पोरीवर ओरडायला लागले म्हणून सोडल्या. तिसरीतली पोरगी आता पाढ्यांसाठी दहा मिनिटं टायमर मागते, तिच्यासाठी तोच जुना दुरुस्त करून आणायचाय.

फोन मात्र अजून सुटले नाहीत. याही महिन्यात तीन पार्ट्यांचे फोन महिना संपत आला तरी राहिले होते. आता एक नवीन करून बघतेय, फोनची वेगळी खेप, दहा मिनिटांची, खुर्चीत नाही, लिंबाखाली उभं राहून, आणि पहिलं वाक्य चिठ्ठीवर लिहून. काल दोन लावले. एक शेठ चिडले, दुसरे म्हणाले बरं झालं ताई वेळेवर सांगितलं. तिसरा उद्या, कप विसळल्यावर.