दा नांगमधलं गोल्फ: भांडण सगळं सकाळचं

व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर, दा नांगपासून तासाभराच्या अंतरात पाच उत्तम गोल्फ क्लब आहेत. शेजारी होई आन, मी सन आणि ह्युए अशी तीन जागतिक वारसास्थळं. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की बहुतेक जण रोज एक राउंड (18 होलांचा पूर्ण खेळ) आणि रोज एक स्थळ असा बेत आखतात आणि तिसऱ्या दिवशी गळपटतात. कारण इथे जे जे चांगलं आहे ते सकाळी साडेदहाच्या आत उरकावं लागतं. दुपारी ऊन आणि खारा वारा दोन्ही चढतात. म्हणून आधी हाताशी किती सकाळी आहेत ते मोजायचं, मग कोर्स निवडायचे.

एकच राउंड खेळायचा असेल तर होइयाना शोर्स. रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांनी आखलेला, 2020 साली खुला झालेला पार 71 (म्हणजे 71 फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेला) कोर्स. वाळूच्या टेकड्यांवर असल्याने पाणी पटकन निचरतं, फेअरवे (मधले कापलेल्या गवताचे पट्टे) घट्ट आणि चेंडूला पळू देणारे. पण झाडांची सावली जवळजवळ नाही. दुपारी बाराचा स्वस्त टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) दिसला तरी मोहात पडू नका. समुद्रावरचा वारा तेव्हा ऐन भरात असतो आणि 150 यार्डांच्या फटक्याला नेहमीपेक्षा दोन क्रमांक लांब पल्ल्याचा क्लब (चेंडू मारायची काठी) लागू शकतो. उंच उडवलेल्या पिचऐवजी जमिनीलगत पळवलेला चेंडू इथे जास्त विश्वासाचा. राहायला होई आन सोयीचं. दा नांगहून निघालात तर पहाटेची झोप मोडते.

बीआरजी दा नांग या क्लबातला ग्रेग नॉर्मन यांचा ड्यून्स कोर्स 2010 चा. वाळूचे उघडे पट्टे, कडेला सुरूची झाडं. चेंडू वाळूत गेला की तो बंकर (अडथळा म्हणून मुद्दाम केलेला वाळूचा खड्डा) आहे की मोकळी वाळू, हे कॅडीला (सोबतच्या मदतनिसाला) आधी विचारा. काठी वाळूला टेकवायची की नाही ते त्यावर ठरतं. त्याच क्लबात निक्लॉस डिझाइनचा दुसरा कोर्सही आहे, पण सकाळ एकच असेल तर ड्यून्सच. होई आनच्याच रस्त्यावर असलेला माँटगोमेरी लिंक्स जरा सौम्य आहे. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी, हात मोकळे करायला तो बरा. नावात लिंक्स (समुद्रकाठचा उघडा, वाळूवरचा कोर्स) असलं तरी खेळ तसा नाही, एवढं धरून चाला.

बा ना हिल्स हा ल्यूक डोनाल्ड यांचा, डोंगरपायथ्याचा कोर्स. समुद्र नाही, चढउतार बरेच. मग जायचं कशाला? तर इथे दिव्यांच्या उजेडात संध्याकाळी खेळता येतं, म्हणजे सकाळ वाचते. ती वाचलेली सकाळ मी सनला द्यावी.

मी सन म्हणजे जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांची शिवमंदिरं, चौथ्या शतकापासूनची. भद्रवर्मन राजाने स्थापलेला देव भद्रेश्वर. 1969 च्या अमेरिकी बॉम्बफेकीत इथला सर्वांत मोठा मनोरा कोसळला. ए, एच आणि के अशी अक्षरनावं दिलेल्या गटांतल्या मंदिरांची डागडुजी भारतीय पुरातत्त्व खात्याने केली आणि त्या कामात 2020 साली एक अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. होई आनहून साधारण 40 किलोमीटर. डोंगरांच्या खोलगटात असल्याने नऊनंतर तिथे भट्टी पेटते. सकाळी गोल्फ आणि दुपारी मी सन हा बेत एजंट हमखास सुचवतात. तो सरळ नाकारा.

लांग कोचा निक फाल्डो कोर्स (2013) मात्र वेगळ्या हिशोबात येतो. कोर्सच्या मधोमध खरीखुरी भातशेती आहे, तिथे म्हशी चरतात. दा नांगहून हाय वान डोंगराखालच्या बोगद्यातून पलीकडे जावं लागतं. हा डोंगर हिवाळ्यात ईशान्येचे ढग अडवतो, त्यामुळे दा नांगला ऊन आणि लांग कोला रिमझिम असं सर्रास होतं. मार्चनंतर जा, सकाळी खेळा आणि परत न येता तसेच पुढे ह्युएला मुक्कामाला जा. 1802 ते 1945 या काळातली न्युएन घराण्याची ती राजधानी. किल्ला दुसऱ्या दिवशी सावकाश बघावा.

होई आन संध्याकाळचं गाव, त्यामुळे गोल्फशी त्याचं भांडण नाही. चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री जुन्या गावात विजेचे दिवे मंदावून कंदील लावतात. तारीख आपल्या चतुर्दशीपासून एखादा दिवस इकडेतिकडे होऊ शकते. त्या रात्री गर्दी तुफान असते. दुसऱ्या दिवशी पहाटेचा टी टाइम घेऊ नये.

हंगाम फेब्रुवारी ते मे. जून ते ऑगस्ट खेळता येतं, पण पारा 35 च्या वर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वादळं येतात, नदी चढली की जुन्या होई आनमध्ये पाणी शिरतं. तेव्हाची पॅकेजं स्वस्त असतात ती उगीच नाही.

ई-व्हिसा एकदा प्रवेशासाठी 25 डॉलर, नामंजूर झाला तरी पैसे परत नाहीत. नाव पासपोर्टवर आहे तस्संच भरा आणि निदान दोन आठवडे हाताशी ठेवा. विमानात टाकायच्या गोल्फ बॅगेत ड्रायव्हरपेक्षा (सर्वांत लांब क्लबपेक्षा) थोडी उंच, कडक काठी उभी ठेवली की आघात काठीवर जातो. एरवी क्लबचा दांडा मानेशी तुटतो. रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायच्या यंत्राच्या) सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत.

कॅडी सक्तीचा असतो, आणि तो खर्च वसूल होतो. ग्रीनवर (कपाभोवतीच्या बारीक गवतावर) गवताचा ग्रेन, म्हणजे झुकाव, असतो: चमकदार दिसला तर हलक्याने ढकललेला चेंडू पुढे धावणार, काळपट दिसला तर अडणार. शंका आली तर कपाची कड बघा, जी बाजू विस्कटलेली तिकडे गवत झुकलेलं. तरीही कॅडीचं म्हणणं वेगळं असेल तर तेच ऐका.

कॅडीला टिप रोख द्यायची, साधारण 4 ते 5 लाख डाँग (तिथलं चलन). एका रुपयाला 300 च्या आसपास डाँग मिळतात, त्यामुळे शून्यांनी गोंधळ उडतो. 20 हजार आणि 5 लाख या दोन्ही नोटा निळ्या आहेत. टॅक्सीला सुटे देताना पाकीट उजेडात उघडा, किंवा 5 लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यातच ठेवा.