पुण्याच्या पेठांसाठी काय हवं: मेट्रो की बस?

मेट्रो स्टेशनपासून 500 मीटरच्या आत 4 पर्यंत एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) मिळतो. म्हणजे जुना वाडा पडला की तिथे टॉवर. माणसं वाढणारच, मग ती जाणार कशाने?

मेट्रोची बाजू भक्कम आहे. सप्टेंबर 2024 मध्ये सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी मार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्टेशनं थेट गावठाणात आली. वर लक्ष्मी रस्ता तुंबलेला असला तरी खाली गाडी अडत नाही. पण मार्ग एकदा बांधला की हलत नाही, खर्चही अफाट. शिवाय स्टेशनच्या दारात रिक्षावाल्याशी हुज्जत घालावी लागली, तर माणूस पुन्हा दुचाकीच काढतो.

पीएमपीची, म्हणजे शहर बससेवेची, बस याउलट. वस्ती सरकली की मार्ग बदलता येतो, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत पोचते ती बसच. अडचण एकच: तिला मोकळी लेन मिळत नाही. 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी (राखीव लेनमधून धावणारी बससेवा) सुरू झाली, पण लेनमध्ये दुचाक्या, रिक्षा सगळेच घुसले. वेग गेला, मग प्रवाशांचा भरवसाही.

माझ्या मते पेठांत पहिला पैसा बसवर लावावा. मेट्रो आता आहेच. मंडई स्टेशनातून भाजीची पिशवी घेऊन वर आलेल्या आजींना नारायण पेठेत नेणारी छोटी बस दर पाच मिनिटांनी हवी, आणि त्या रस्त्यांवरचं पार्किंग आधी हटवायला हवं. हे झाल्याशिवाय वाढीव एफएसआय देऊच नये.